पहिल्या केमोपूर्वीचा पंधरवडा

कर्करोगाचे निदान झालेल्या तरुण स्त्रीच्या भावी मातृत्वाचा विचार उपचार संपल्यावर नव्हे, तर ते सुरू होण्यापूर्वी झाला पाहिजे, अशी भूमिका अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत मांडली. रायपुरात डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयातील, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'मेकाहारा'तील, प्रादेशिक कर्करोग केंद्र, २०१२ साली सुरू झालेले एम्स आणि २०१८ साली नवा रायपुरात उभे राहिलेले बाल्को मेडिकल सेंटर यांमुळे, एकेकाळी नागपूर किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठण्यावाचून गत्यंतर नसलेल्या अनेक कुटुंबांना शहरातच उपचार मिळू लागले आहेत. रोगातून बरे होणाऱ्या तरुणींची संख्या जशी वाढते, तसा बरे झाल्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याचा प्रश्नही टाळता येण्याजोगा राहत नाही.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून सुमारे १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाखच उरतात आणि पुरुषाच्या शुक्राणूंप्रमाणे ती पुन्हा तयार होत नाहीत. स्तनाच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगात वापरले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड हे औषध पेशींतील जनुकद्रव्यावर आघात करते आणि त्यात हा साठाही झपाट्याने घटतो. किरणोपचाराची हानी त्याहून तीव्र असते: शरीराने शोषलेले किरण 'ग्रे' या एककात मोजतात आणि दोन ग्रेपेक्षाही कमी मात्रा निम्मी स्त्रीबीजे नष्ट करण्यास पुरते, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटावर याच्या वीस पटींहून अधिक मात्रा द्यावी लागते, ज्यामुळे गर्भाशयही गर्भधारणेस असमर्थ होते. उपचारानंतर पाळी परत आली म्हणजे सारे पूर्ववत झाले, हा समज मात्र दिशाभूल करणारा आहे. पाळी नियमित असतानाही साठा आटत आलेला असू शकतो आणि रजोनिवृत्ती कित्येक वर्षे आधी येऊ शकते.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे परिपक्व करणे, ती बाहेर काढणे आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला गोठवून ठेवणे. पूर्वी त्यासाठी पाळीची वाट पाहावी लागे. आता ही प्रक्रिया पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येते आणि सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होते. स्तनाच्या कर्करोगात लेट्रोझोल ही गोळी सोबत देऊन इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी आटोक्यात ठेवतात, शिवाय शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांच्यामध्ये काही आठवड्यांचा अवधी बहुधा असतोच. तीव्र रक्तकर्करोगात हा अवधी सहसा मिळत नाही, हे कटू असले तरी रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे. विवाहित स्त्रीला पतीच्या शुक्राणूंशी फलन घडवून भ्रूण गोठवण्याचा मार्गही असतो, परंतु भ्रूणावर दोघांचा हक्क असल्याने पुढे मतभेद झाल्यास तिची आशा पतीच्या संमतीवर अवलंबून राहते. अशा वेळी निदान काही स्त्रीबीजे स्वतंत्र गोठवणे अधिक सुज्ञपणाचे ठरते. हे तंत्र भारताला परके नाही: कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ साली जन्मास आणलेली 'दुर्गा' ही टेस्ट ट्यूब बेबी गोठवलेल्या भ्रूणातूनच जन्मली होती, आणि त्या कामाची त्यांच्या हयातीत झालेली उपेक्षा ही देशाच्या विज्ञानेतिहासातील खेदाची बाब आहे.

वयात न आलेल्या मुलींची स्त्रीबीजे अशी परिपक्व करता येत नाहीत, म्हणून त्यांच्या बीजांडकोशाचा तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून गोठवतात आणि पुढे परत रोपतात. या पद्धतीतून पहिले मूल २००४ साली बेल्जियममध्ये जन्मले. छत्तीसगडच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना त्याच देशात दहा वर्षांनी घडली: सिकलसेल आजारासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण होण्यापूर्वी, पाळी सुरू होण्याआधीच जिच्या बीजांडकोशाचा भाग गोठवला होता, ती मुलगी मोठी होऊन आई झाली. छत्तीसगड आणि विदर्भ हे सिकलसेलचे पट्टे आहेत, आणि प्रत्यारोपणापूर्वी दिली जाणारी तीव्र औषधे कर्करोगाच्या औषधांइतकीच बीजांडकोशाला घातक असतात. म्हणून हा विषय येथे केवळ कर्करोग विभागापुरता मर्यादित राहू शकत नाही.

गर्भधारणेने रोग उलटेल, या भीतीचाही विचार केला पाहिजे. संप्रेरक-संवेदनशील स्तनकर्करोग झालेल्या पाचशेहून अधिक स्त्रियांनी गर्भधारणेसाठी संप्रेरकरोधक उपचाराच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवल्या, तेव्हा रोग परतण्याचे प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत वाढले नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. दीर्घकालीन निरीक्षण अजून चालू आहे.

खर्चाची अडचण मात्र खरी आहे. आयुष्मान भारत योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे, पण जननक्षमतेशी संबंधित प्रक्रिया वगळलेल्या आहेत. सर्वसाधारण वंध्यत्वाबाबत या वगळणीचे समर्थन करता येईलही. परंतु सरकारी खर्चाने दिलेल्या औषधामुळे जे नुकसान होते, ते टाळणे हा त्याच उपचाराचा भाग मानला पाहिजे, आणि राज्य शासनाने तसा निर्णय घेणे न्याय्य ठरेल. तोवर जबाबदारी डॉक्टरांवर आणि कुटुंबावर आहे. अविवाहित मुलीचे निदान लपवण्याच्या धडपडीत, किंवा सासर-माहेरच्या सल्लामसलतीत, तिलाच विचारायचे राहून जाते. मूल हवे की नको हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. म्हणून पहिली केमो लागण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांनी तिच्याशी स्वतः बोलावा, आणि त्यांनी तो काढला नाही, तर नातलगांनी तिच्या संमतीने तो विचारावा.