पिवळ्या दिव्याचें सांगणें

मार्गशीर्ष लागला म्हणजे वऱ्हाडांत शेतकऱ्याची धांदल दुहेरी होते. कपाशीची वेचणी चालूच असते आणि तुरीच्या शेंगाही वाळूं लागतात. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील इंझोरी हें असेंच एक गांव. पहांटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला, ओढ्यानाल्यांच्या कांठीं धुकें दाटलेलें, डांबरी रस्ता दंवानें भिजलेला. आणि अशा वेळीं कापसानें किंवा भाजीपाल्यानें भरलेल्या पिकअप गाड्या बाजाराच्या वाटेला लागतात. पूर्वीं हें काम बैलगाडीचें होतें. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल वाट चुकत नसत. पिकअपला ती सोय नाहीं. तिची सारी भिस्त चालकाच्या डोळ्यांवर आणि गाडीच्या ब्रेकवर.

अलीकडे पुष्कळ गाड्यांच्या ब्रेकांना एका नव्या यंत्राची जोड मिळाली आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ए. बी. एस. म्हणतात. चाक जाम होऊं न देणें हें त्याचें काम. शहरांतील श्रोत्यांना तें अगदींच अपरिचित नसावें, कारण एप्रिल २०१९ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना तें सक्तीचें झालें आहे. गाडी चालू करतांना समोर जो पिवळा दिवा कांहीं क्षण लागून विझतो, तो याच यंत्राचा. आपण ठीक आहों, एवढें सांगून तो निघून जातो.

हिवाळ्याच्या सकाळीं हा दिवा विझेनासा झाला, म्हणजे गांवच्या चौकांत दोन मतें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, यंत्राची पेटीच गेली, आतां मोठा खर्च आला. दुसरें असें कीं, फ्यूज काढून टाका किंवा दिव्यावर चिकटपट्टी लावा. ब्रेक तर लागतोच आहे ना! पहिलें मत बहुधा चुकीचें असतें. दुसरें मात्र घातक असतें, आणि दुर्दैवानें तेंच स्वस्त पडत असल्यामुळें अधिक चालतें.

वेगांत असलेल्या गाडीचें चाक अकस्मात् जाम झालें तर गाडी जागच्या जागीं थांबत नाहीं. ती घसरत जाते. फिरतां फिरतां रस्त्याला धरणारा टायर आणि रस्त्यावरून नुसता फरफटणारा टायर यांत मोठें अंतर आहे. डांबरी रस्त्यावर सर्वांत अधिक पकड मिळते ती चाक किंचित् घसरत, पण फिरत असतें तेव्हां. शिवाय जाम झालेल्या पुढच्या चाकांना दिशा उरत नाहीं. धुक्यांतून एकाएकीं समोर आलेली बैलगाडी चुकविण्यासाठीं चालक स्टिअरिंग फिरवितो, चाकें वळलेलीं दिसतात, आणि गाडी मात्र सरळच जाते. कसलेला गाडीवान उतारावर कासरा एकसारखा ताणून धरीत नाहीं. ओढतो, सैल सोडतो, पुन्हां ओढतो. ए. बी. एस. हेंच करतें, फक्त एका सेकंदांत दहा-पंधरा वेळां.

त्याची रचना समजण्यास अवघड नाहीं. चाकापाशीं एक दांतेरी कडें असतें आणि त्यासमोर बोटाएवढा सेन्सर. दोहोंमधील अंतर सुमारें एक मिलिमीटर. कड्याचे दांत सेन्सरपुढून सरकले कीं विजेचे सूक्ष्म स्पंद उठतात, आणि ते मोजून नियंत्रक पेटी चाकाचा वेग जाणते. एखादें चाक इतरांहून एकाएकीं मंद झालें, तर तें जाम होऊं पाहत आहे असें समजून पेटी त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर उतरविते व पुन्हां चढविते. त्या वेळीं पेडल पायाखालीं थरथरतें आणि घरघर ऐकूं येते. नवखा चालक या थरथरीनें दचकून पाय उचलतो, आणि नेमक्या संकटाच्या क्षणीं ब्रेक सोडून बसतो.

पिकअपला या यंत्राची गरज मोटारीहून अधिक आहे. भरलेली असतां तिचा भार मागच्या चाकांवर, रिकामी असतां मागची बाजू अगदीं हलकी. माल उतरवून परत निघालेल्या गाडीचीं मागचीं चाकें ओल्या रस्त्यावर आधीं जाम होतात आणि शेपटी पुढें येऊं पाहते. १९७८ सालीं जर्मनींत बॉश कंपनीनें सिद्ध केलेलें विद्युत्-नियंत्रित यंत्र मर्सिडीझच्या मोटारींस बसविलें गेलें, तें चारही चाकांसाठीं होतें. परंतु १९८७ सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें आपल्या पिकअपांना असें यंत्र दिलें, तेव्हां तें केवळ मागच्या चाकांपुरतें दिलें. त्यामागील कारण हेंच.

अमेरिकेंतीलच दुसरी एक हकीकत या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. तेथील उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानें लोखंड गंजतें. जनरल मोटर्स कंपनीच्या कांहीं पिकअपांत सेन्सर ज्या बैठकीवर बसतो तिच्यावर गंजाचा थर चढला आणि सेन्सर कड्यापासून किंचित् वर उचलला गेला. अंतर वाढलें, स्पंद क्षीण झाले. गाडी वेगांत असतांना ही उणीव जाणवत नसे. पण चौकाशीं हळूहळू थांबतांना स्पंद इतके मंदावत कीं, चाक जाम झालें असा पेटीचा समज होई, आणि थांबण्याच्या ऐन वेळीं ती ब्रेकचा दाब उतरवी. २००५ सालीं कंपनीनें अशा सुमारें आठ लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. दुरुस्ती कोणती, तर बैठकीवरील गंज घासून काढणें, तीवर गंजरोधक लेप देणें आणि लागल्यास सेन्सर बदलणें. एवढ्या मोठ्या दोषाचें मूळ नखाएवढ्या जागेंत होतें.

इंझोरीस बर्फही नाहीं आणि रस्त्यावर मीठही नाहीं. परंतु तेथें काळी माती आहे, आणि काळ्या मातीची चिकाटी वऱ्हाडी माणसास सांगावयास नको. दंवानें ओलावलेल्या शेतवाटेनें कापूस आणावयास गेलेली पिकअप डांबरी रस्त्यावर येते ती चाकांत चिखल घेऊन. तो कड्याच्या दांतांत बसतो आणि दुपारच्या उन्हानें विटेसारखा कठीण होतो. कित्येक सेन्सरांत चुंबक असतो. त्याला ब्रेकच्या झिजेचा लोखंडी कीसही चिकटतो. तारांच्या जोडांत दंव शिरून तांब्यावर हिरवा थर धरतो. आणखी एक शत्रु फार घरगुती आहे. थंडीच्या रात्रीं उंदीर ऊब शोधीत इंजिनापाशीं येतात आणि जातांना तारा कुरतडून जातात. या उपद्रवावर अजून कोणत्याही कारखान्यानें रामबाण उपाय काढलेला दिसत नाहीं.

म्हणून दिवा लागला म्हणजे तो केव्हां लागला, हें आधीं पाहावें. केवळ थंड सकाळीं, स्टार्टर जड फिरल्यावर लागला आणि गाडी पुन्हां चालू करतांच विझला, तर संशय बॅटरीवर घ्यावा. थंडीनें तिचा जोर घटतो आणि स्टार्टर फिरतांना नियंत्रक पेटीला पुरेसा दाब मिळत नाहीं. खड्ड्यांतून जातांना लागत-विझत असेल तर तार कोठेंतरी घासली आहे किंवा जोड सैल झाला आहे. कोरड्या रस्त्यावर, अगदीं मंद वेगांत, कारण नसतां पेडल थरथरूं लागलें, तर दिवा लागो वा न लागो, अमेरिकेंतील ती हकीकत आठवावी आणि सेन्सरची बैठक व कडें पाहावें. एका बाजूस नवा टायर आणि दुसरीकडे झिजलेला किंवा वेगळ्या मापाचा टायर असेल तरीही चाकांचे वेग जुळत नाहींत व पेटी गोंधळते. चाकाच्या बेअरिंगमधील ढिलाई हेंही एक कारण आहे.

कडें साफ करणें हें ब्रशाचें आणि फडक्याचें काम आहे, छिन्नीचें नव्हे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खालीं शिरूं नये. चाकांना ओट लावून भक्कम टेकू द्यावा. पाण्याचा जोरदार फवारा तारांच्या जोडांवर मारूं नये. स्कॅनर असलेल्या मिस्त्र्याकडे गाडी नेली आणि यंत्रानें उजव्या मागच्या चाकाचें नांव सांगितलें, तरी लगेच नवा सेन्सर विकत घेण्याचें कारण नाहीं. स्कॅनर दोषाची गल्ली दाखवितो, घर दाखवीत नाहीं. त्या गल्लींत कडें आहे, तार आहे, जोड आहे आणि सेन्सरही आहे. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें व झडपांना आंतून गंजवितें, म्हणून तें साधारणतः दर दोन वर्षांनीं बदलावें. ही पेटी खरोखरच बिघडूं नये असें वाटत असेल, तर या किरकोळ खर्चांत काटकसर करूं नये.

आतां चिकटपट्टीविषयीं. पिवळा दिवा जळत असला तरी साधा ब्रेक बहुधा शाबूत असतो, हें खरें. पण ब्रेक दाबण्याच्या रीती दोन आहेत. यंत्र जागें असेल तर संकटकाळीं पेडल पूर्ण दाबून तसेंच धरावें. थरथर होऊं द्यावी आणि गाडीला वळवीत न्यावें. यंत्र निजलेलें असेल तर जुन्या चालकांची रीत धरावी: दाबणें, चाक घसरूं लागलें कीं सोडणें, पुन्हां दाबणें. पहिल्या स्थितींत दुसरी रीत वापरली तर यंत्राच्या कामांत विघ्न येतें. दुसऱ्या स्थितींत पहिली वापरली तर चाकें जाम होतात. आज कोणती रीत, हें सांगणारा गाडींत तो एक दिवाच आहे. मालकानें पट्टी लावली आणि गाडी दुसऱ्याच दिवशीं पगारी चालकाच्या हातीं दिली, तर त्या बिचाऱ्यास सांगणार कोण? कित्येक गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकांचा दाब वांटून देणारी व्यवस्थाही याच पेटींत असते. पेटीबरोबर तीही बंद पडूं शकते. पिवळ्या दिव्याच्या जोडीला ब्रेकचा तांबडा दिवा लागला, तर मात्र गाडी तेथेंच बाजूला घ्यावी. मग बाजार चुकला तरी चालेल.

यंत्र निर्दोष असतांही त्याच्यावर फाजील विसंबूं नये. सुट्या गिट्टीवर आणि भुसभुशीत मातीवर जाम झालेलें चाक पुढें ढीग करून त्याला अडतें; ए. बी. एस. चाक फिरतें ठेवीत असल्यामुळें तेथें गाडी थांबावयास उलट अधिक अंतर लागतें. रस्त्यावर सोयाबीन किंवा तूर मळणीसाठीं पसरण्याची चाल वऱ्हाडांत अद्याप गेलेली नाहीं. चाकाखालीं त्या दाण्यांच्या गोळ्या होतात, आणि तेथें पकड देण्यास कोणतेंच यंत्र समर्थ नाहीं. धुकें आणि रस्त्यावरचें खळें जेथें एकत्र येण्याचा संभव, तेथें वेग आधींच उतरविलेला असावा आणि गाडीच्या मालावर मजूर बसविलेले नसावेत.

दुरुस्ती होऊन गाडी गॅरेजबाहेर आली आणि दिवा तरीही जळतच राहिला, म्हणून मिस्त्र्याशीं लगेच भांडूं नये. कांहीं गाड्यांत चाकें थोड्या वेगानें फिरून चारही ठिकाणचे स्पंद जुळल्याखेरीज पेटीची खात्री पटत नाहीं. मोकळ्या रस्त्यावर थोडें अंतर सावकाश चालवून पाहावें. दोष गेला असेल तर दिवा आपोआप विझतो, आणि न विझला तर गाडी परत फिरवावी.