फेरीचा हिशेब आणि माणसाचा दिवस

(काशिमिरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबई-अहमदाबाद महामार्ग मीरा-भाईंदरच्या अंगावरून जातो. गुजरात, राजस्थान आणि दिल्लीकडचा माल वरसावे नाक्यावरून घोडबंदरमार्गे ठाण्याकडे वळतो व न्हावाशेवा बंदर किंवा भिवंडीची गोदामे गाठतो. बंदरात उतरलेला माल त्याच वाटेने परततो. दिवसा जड वाहनांना प्रवेशबंदी लागली की महामार्गाच्या कडेला ट्रकांच्या रांगा लागतात. शहर या रांगांना वाहतुकीची कोंडी म्हणते व वैतागते. त्या रांगेतील प्रत्येक केबिनमध्ये एक कामगार बसलेला आहे आणि बसून काढलेल्या या तासांचे मोल त्याच्या मजुरीत बहुधा धरलेले नाही, ही गोष्ट मात्र कोंडीच्या चर्चेत कधी येत नाही.

वाहतूक व्यवसायातील मालकांची आज एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. चालक मिळत नाहीत. मिळालेच तर टिकत नाहीत. नव्या मुलांना गाडीची माया नाही. चावी हातात घेण्यापूर्वी ते पगार विचारतात आणि घरी कधी सोडणार हेही विचारतात. दोन फेऱ्या झाल्या की फोन बंद करून निघून जातात. जुने चालकही या तक्रारीला मान डोलावतात. तक्रार खोटी नाही. पण तिचा अर्थ मालक लावतात तोच आहे काय, हे तपासले पाहिजे.

जुना चालक घडत असे तो क्लीनर म्हणून. उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे गाडी धुवायची, चाके बदलायची, रस्सी-ताडपत्री आवळायची, रात्री मालावर झोपायचे आणि जेवण व किरकोळ खर्चीवर समाधान मानायचे. या काळात मजुरीचा प्रश्न निघत नसे, कारण पुढे एक आशा होती. आज क्लीनर, उद्या चालक आणि परवा हप्त्यावर घेतलेल्या स्वतःच्या ट्रकचा मालक. या आशेच्या पोटी कितीतरी विनामूल्य श्रम निमूटपणे केले गेले.

आज ही शिडी मोडली आहे. खर्च वाचवण्यासाठी क्लीनरची जागाच अनेक गाड्यांवरून काढून टाकण्यात आली आणि त्याचे काम चालकाच्या माथी आले. ट्रकची किंमत एकट्या मजुराच्या आवाक्याबाहेर गेली. नवा चालक या परंपरेतून येत नाही. वयाची २० वर्षे आणि हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर बाळगलेला असणे या अटी पूर्ण केल्या की तो अवजड वाहनाच्या परवान्याकडे वळू शकतो. आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्याच्या गावचा दुसरा मुलगा शहरात टॅक्सी चालवतो किंवा पार्सल पोचवतो. तेथेही शोषण आहेच, पण तो मुलगा रात्री खोलीवर येऊन झोपतो. लांब पल्ल्याचा चालक आपली तुलना आता उस्तादाशी करत नाही, या मुलाशी करतो. ज्याला मालक होण्याचे स्वप्न उरले नाही, तो मजुरीचा हिशेब मागणारच. याला बिघडलेली वृत्ती म्हणणे चूक आहे. कामगार म्हणून आलेले भान हेच त्याचे खरे नाव होय.

मजुरीची प्रचलित पद्धत पाहा. कोठे लहानसा मासिक पगार आणि त्यावर फेरीचा भत्ता, तर कोठे सबंध फेरीची एकच ठोक रक्कम. या रकमेतून जेवण, पंक्चर, भरती-उतराईच्या ठिकाणची चिरीमिरी आणि वाटेतील 'समजुती' भागवायच्या. डिझेल ठरल्यापेक्षा जास्त लागले तर ते पगारातून कापले जाते, आधी घेतलेली उचलही कापली जाते. उरेल ते चालकाचे. फेरी दोन दिवस लांबली तर रक्कम तीच राहते आणि दिवस मात्र चालकाच्या आयुष्यातून वजा होतात. हे नगावर काम देण्याचेच जुने तंत्र आहे. त्यात मुकादम नेमावा लागत नाही. कामगार स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. वाचवण्याजोगी एकच वस्तू त्याच्यापाशी असते, ती म्हणजे झोप.

दिल्ली ते न्हावाशेवा हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर धरा. जीएसटीच्या नियमानुसार मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. म्हणजे मालाच्या कागदाला राज्यसंस्थेने सात दिवस दिले. तोच माल तीन-चार दिवसांत पोचावा अशी अपेक्षा चालकाकडून धरली जाते. कागदाला विसावा आहे, माणसाला नाही.

मग नव्या चालकाचे म्हणणे काय आहे? 'जास्त पैसा' एवढ्यात ते मावत नाही. निश्चित मासिक वेतन असावे, जेवणाचा भत्ता वेगळा मिळावा, खोळंब्याचे पैसे मिळावेत, घरी जाण्याची तारीख आधी कळावी, लांबच्या फेरीला जोडीला दुसरा चालक असावा. या सर्व मागण्यांचा गाभा वेळ हाच आहे.

यात नवे फार थोडे आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्यासाठी अधिकाऱ्यांच्या मान्यतेने १० व ५४ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि जादा कामाला दुप्पट दर, हे सारे त्यात लिहिलेले होते. मात्र हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. एक-दोन ट्रकांच्या मालकाकडील चालक, म्हणजे या धंद्यातील फार मोठा वर्ग, बाहेरच राहिला. शिवाय खोळंब्याच्या प्रश्नावर कायदा अडखळला. मालकाच्या दिमतीस असलेला वेळ म्हणजे कामाचा वेळ, अशी व्याख्या करून त्याने टर्मिनलवरील नुसत्या हजेरीपैकी पंधरा मिनिटांहून कमी हजेरीचाच उल्लेख केला. बंदराच्या दारात रात्र काढणाऱ्याचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

त्यानंतर काय झाले? २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा विलीन झाला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि पाच कामगारांची मर्यादा दहावर गेली. दुसरीकडे २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. संरक्षण हवे तर मालकाकडे दहा कामगार असावेत; शिक्षेला मात्र एकटा चालक पुरतो.

१ जानेवारी २०२४ रोजी याच काशिमिऱ्याच्या परिसरात चालकांनी महामार्ग अडवला. दगडफेक झाली, पोलिसांच्या वाहनाचे नुकसान झाले. दगडाचे समर्थन समाजवादी चळवळ करणार नाही. अपघातात सापडलेल्याला टाकून जाणे हेही असमर्थनीयच आहे. पण जमावाच्या मारहाणीच्या भीतीने पळणारा आणि तीन रात्रींच्या जागरणाने डुलकी लागणारा चालक, यांचा विचार शिक्षा लिहिणाऱ्यांनी केला नाही. दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारने चर्चेचे आश्वासन दिले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू होताना ते पोटकलम वगळून ठेवण्यात आले. सामूहिक दबावाचे फळ मिळते हे चालकांनी तेव्हा पाहिले. मात्र कामाचे तास आणि मजुरी यांचा प्रश्न त्या आंदोलनात मागेच राहिला.

आक्षेप असा येतो की लहान मालक हे देऊ शकत नाही. आक्षेपात तथ्य आहे. हप्ते, विमा, टायर आणि दलाली यांत तोही पिळला जातो. भाडे ठरवतो तो मालाचा मोठा धनी. म्हणूनच मागणी दोन ट्रकांच्या मालकापाशी थांबता कामा नये. दक्षिण कोरियाने २०२० ते २०२२ या काळात कंटेनर व सिमेंट वाहतुकीसाठी किमान सुरक्षित भाडे कायद्याने ठरवले होते. ते चालू राहावे म्हणून २०२२ मध्ये तेथील चालकांनी दोनदा संप केला. धोकादायक वेग हा अपुऱ्या मजुरीचा परिणाम आहे, हे तत्त्व त्या कायद्यामागे होते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. ट्रकमध्ये माल चढवणाऱ्या हमालाचाही कोणी एक मालक नव्हता. तरीही महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, मंडळे स्थापली, कामगार व मालक दोघांची नोंदणी केली आणि काम देणाऱ्याकडून मजुरीसोबत लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, रजा व उपचार यांची तजवीज केली. पाठीवर माल घेणाऱ्यासाठी जे शक्य झाले, ते तोच माल हजार कोस नेणाऱ्यासाठी अशक्य का असावे? चालक सतत फिरता असतो, त्याची संघटना बांधता येत नाही, हेही खरे नाही. मुंबईतील टॅक्सीचालकांची युनियन जॉर्ज फर्नांडिस यांनी उभी करून दाखवली होती.

तास मोजता येत नाहीत ही सबबही आता संपली. गाडी कोठे, किती वेळ उभी आहे हे मालकाला मोबाइलवर दिसते. फास्टॅगवर नाक्याची वेळ उमटते, गोदामाच्या दारात आत-बाहेरची नोंद होते. डिझेल कापण्यासाठी जो हिशेब चालतो, तोच मजुरी देण्यासाठी चालला पाहिजे.

नव्या चालकालाही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. फोन बंद करून निघून जाणे हा निषेध आहे, लढा नव्हे. एक जातो, त्याच्या जागी तितकाच अडलेला दुसरा येतो आणि दर तोच राहतो. या रांगेत मराठवाड्याचा आहे, उत्तर प्रदेशचा आहे, राजस्थानचा आहे. भाषेवरून त्यांच्यात फूट पाडणे मालाच्या धन्याला परवडेल, चालकाला नाही.

काशिमिऱ्याच्या कार्यकर्त्यांपुढील काम म्हणून स्पष्ट आहे. खोळंब्याच्या तासाला दर, कामगारसंख्येची अट न ठेवता कामाच्या तासांची मर्यादा आणि मालाच्या धन्यावर लेव्ही बसवणारे चालक मंडळ, या तीन मागण्या घेऊन त्या रांगेपाशी जावे. चालक तेथे तासन् तास बसलेला असतो. त्याच्याशी बोलायला वेळ नाही, असे निदान तेथे तरी कोणाला म्हणता येणार नाही.