बोथ्याच्या घाटाखालची दिवसाची वीज

रब्बीत हरभऱ्याला रात्री पाणी द्यायचं म्हणजे काय, हे बुलढाण्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी; साप-विंचवाची भीती आहेच, बोथ्याच्या घाटाजवळ, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला अस्वलाचीही.

म्हणून महावितरणच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 कडे मी आधी माणसाच्या सोयीसाठी बघतो, हवामानासाठी नंतर. 2023 साली सुरू झालेल्या या योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज उपकेंद्रातून 11 केव्हीच्या कृषी वाहिनीत, म्हणजे फिडरमध्ये जाते. ऊन दिवसा, म्हणून पंपही दिवसा. वीज जवळच तयार झाली की तारांमधली गळतीही घटते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरसाल 3 टक्के वाढ.

भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला आहे. तो पाळायचा तर असे सौर फिडर वाढायलाच हवेत. पण सूर्य मावळला की कोळसा लागतोच. शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं पारसचं औष्णिक केंद्र त्यावरच चालतं.

दिवसाची वीज येईपर्यंत आपल्या हातातलं एक काम करा. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा आणि ऑटोस्विच काढून टाका. ऑटोस्विचमुळे वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्र जळतं, आणि ऐन हंगामात पाणी थांबतं.