घरातील मासे आणि गावातील पाणी



वसंत व्याख्यानमालेत राजकारण, साहित्य, इतिहास अशा भारदस्त विषयांवर ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने घरात मासे पाळण्याचा विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु आपल्या शहरात आज कितीतरी घरांच्या बाहेरच्या खोलीत काचेची टाकी दिसते. मुलाचा हट्ट म्हणून ती येते, चार दिवस सगळे घर तिच्याभोवती जमते, मग एकेक मासा मरू लागतो आणि पुढे ती टाकी माळ्यावर जाते. असे का होते, आणि त्याचा आपल्या पंचगंगेशी काय संबंध आहे, हे मला आज सांगायचे आहे.

जनावर पाळणे कोल्हापूरकराला कोणी शिकवायला नको. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून, त्यांच्या शिंगांना रंग लावून मिरवणारे हे गाव आहे. पण म्हैस भुकेली झाली तर ओरडते, आजारी पडली तर वैरण सोडते आणि मालकाला ते गोठ्यात पाऊल टाकताच कळते. माशाला आवाज नाही. तो पाण्यात राहतो, आपण हवेत राहतो. त्याच्या घरात काय बिघडले ते आपल्या कानाला कळत नाही आणि बहुधा नाकालाही कळत नाही. म्हणून माझे पहिले म्हणणे असे आहे, की घरात आपण मासे पाळतो हे खरे नव्हे; आपण पाणी पाळतो. पाणी सांभाळले, की मासे राहतात.

ही हौस काही काल-परवाची नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकी सांगताना मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना काय चारावे, गळाने कसे धरावे, हे सारे त्यात आले आहे. चीनमध्ये सोनेरी मासे हजार वर्षांपूर्वीपासून बाळगले जात. परंतु बंद काचपेटीत पाणी टिकते कसे, याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा मेळ कसा बसतो ते १८५० साली दाखवून दिले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. पुढे कित्येक वर्षे मुंबईला गेलेला पाहुणा ते पाहिल्याशिवाय परतत नसे, आणि परतताना आपल्याही घरी चार मासे असावेत ही इच्छा घेऊन येत असे.

आता पाणी पाळायचे म्हणजे काय करायचे? मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनिया होतो. हे माशाला विष आहे. नदीत ते वाहून जाते, विरते. टाकीत ते साचते. मग मासा जगतो कसा? वाळूवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर काही सूक्ष्म जिवाणू वस्ती करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते त्या मानाने निरुपद्रवी असते. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी टाकी आणतो आणि त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडतो. पुढच्या रविवारी त्यांतले निम्मे उलटे तरंगतात, आणि दोष दुकानदाराला मिळतो.

येथे दुधातुपाच्या गावाला शोभेल असाच दाखला देतो. विरजणाशिवाय दही लागत नाही. जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू किंवा वापरलेला स्पंज नव्या टाकीत घालावा. ते तिचे विरजण होय. सुरुवातीला दोनतीनच मासे ठेवावेत आणि महिन्याभराने हळूहळू वाढवावेत.

दुसरा घात होतो तो स्वच्छतेच्या आवडीने. सणाच्या आधी घर झाडताना टाकीही उपसली जाते. वाळू नळाखाली खळखळून धुतली जाते, काच चकचकीत होते आणि दोनतीन दिवसांत मासे मरतात. कारण उघड आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपल्या पोटात जंतू जाऊ नयेत म्हणून घातलेला असतो; तो टाकीतले उपयोगी जिवाणूही मारतो आणि माशाचे कल्लेही पोळतो. म्हणून सगळे पाणी कधीही काढू नये. आठवड्याला चौथा हिस्सा काढावा आणि बादलीत एक दिवस उघडे ठेवलेले पाणी तेवढेच भरावे. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवावा.

टाकी केवढी असावी? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली, तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तेव्हा ती डगमगत्या टेबलावर ठेवू नये, आणि खिडकीच्या उन्हातही ठेवू नये, नाहीतर शेवाळ माजते. काचेचा गोल बाऊल दिसायला सुंदर, पण त्यात पाणी थोडे आणि माशाचे हाल फार. सोनेरी मासा तर वीतभर वाढतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला बाऊलमध्ये ठेवणे म्हणजे माणसाला कपाटात ठेवण्यासारखे आहे. नवशिक्या घराने आठदहा गप्पी घ्यावेत. त्रिनिदादमधल्या गपी नावाच्या निसर्गाभ्यासकाचे नाव त्यांना १८६६ साली मिळाले. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याने त्यांची ओळख आपल्याला केव्हाच करून दिली आहे. गप्पीची मादी अंडी न घालता जिवंत पिले देते, साधारण महिन्याला एक वेत. ते पाहताना मुलांना जे शिकायला मिळते ते पुस्तकातून मिळत नाही.

कुटुंबाचा छंद म्हणायचे तर कामही कुटुंबाने वाटून घ्यावे. दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे एका ठरलेल्या मुलाने घालावे. येताजाता ज्याने त्याने चिमूट टाकली, की उपासाने नव्हे, अजीर्णाने टाकी मरते. पाणी बदलण्याच्या बादल्या वडिलांनी उचलाव्यात. आजोबांना वेळ असतो. त्यांनी रोज पाच मिनिटे नुसते पाहावे. कोणता मासा कोपऱ्यात बसला, कोणाचे पर मिटलेले आहेत, कोण पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतो, हे आजोबांच्या ध्यानात प्रथम येते. नाहीतर हौस सगळ्यांची आणि निस्तरणे एकट्या आईचे, असा प्रकार होतो.

आता एका समजुतीविषयी. घरावरचे संकट मासा आपल्या अंगावर घेतो आणि मरतो, असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. ही समजूत मालकाला फार सोयीची आहे! मासा मेला की संकट टळले; चौकशी संपली. मी म्हणतो, मासा मेला की संकट सुरू झाले असे समजावे आणि पाणी पाहावे. मुलाने ‘का मेला?’ असे विचारले, तर त्याला खरे कारण शोधून सांगावे.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. कंटाळा आला किंवा मासे फार झाले, की आपल्या मनात दया उपजते. ‘सोडून देऊ या रंकाळ्यात, बिचारे सुखाने जगतील!’ श्रोतेहो, ही दया नव्हे. काच साफ करतो म्हणून जो सकर मासा आपण आणतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुकानात तो बोटाएवढा असतो, पुढे हातभर वाढतो. तो आज उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. चिलापी १९५२ साली देशात आणली ती खाण्यासाठी, जाणत्या माणसांनी. तीही आपल्या तलावांत अशी पसरली, की आता परत बोलावता येत नाही. पाण्यात सोडलेला मासा म्हणजे तोंडातून गेलेला शब्द.

आणि आपल्या पाण्यात काय आहे ते तरी आपल्याला पुरते कोठे ठाऊक आहे? आजऱ्यावरून, गडहिंग्लजवरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तेथल्या महादेवाच्या देवळाच्या कुंडातून एक चिमुकला मासा शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला तो २०२० साली. नदीच्याच नावावरून त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणतात. २०२१ साली ती जागा शासनाने जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. देवाच्या धाकाने जो मासा इतकी शतके वाचला, त्याच्या कुंडात कोणी दयाळू गृहस्थाने पिशवीभर गप्पी ओतले तर काय होईल, याचा विचार करावा. नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, दुसऱ्या हौशी घराला द्यावेत, शाळेला द्यावेत. नदीला देऊ नयेत.

शेवटी पंचगंगेकडे येतो. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. ज्याने घरची टाकी सांभाळली आहे, त्याला त्यामागचे कारण कोणी समजावून सांगावे लागत नाही. मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी पाण्यात मिसळते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, मासा तोंड वर काढून धापा टाकतो आणि मरतो. टाकीत चिमूटभर अन्न जास्त पडल्याने जे होते, तेच येथे गावभर घाणीने होते. फरक एवढाच, की टाकीचे पाणी आपण बदलू शकतो. पंचगंगा उपसून दुसरी भरता येत नाही.

आपल्या मुलाने दोन वर्षे एक टाकी जिवंत ठेवली, तर पाणी घाण का होते आणि ते कोणामुळे होते हे तो जन्मभर विसरणार नाही. उद्या तो नगरसेवक होवो, कारखानदार होवो की नुसता मतदार होवो. पाण्याविषयी त्याला कोणी फसवू शकणार नाही. एका काचेच्या टाकीकडून याहून अधिक काय मागावे?