दूरचित्रवाणीची मालकी : ट्युनिशियाचा धडा



जमीन, गिरण्या आणि बँका यांच्या मालकीचा प्रश्न आपण आयुष्यभर चर्चिला. लोकमत घडविणाऱ्या साधनांच्या मालकीचा प्रश्न मात्र आपण बहुधा पत्रकारांवर सोपवून मोकळे होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तसे करता येणार नाही. म्हणून उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया या सुमारे एक कोटी वीस लाख लोकवस्तीच्या देशाचा अनुभव मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

तेथे १९६६ साली दूरचित्रवाणी सुरू झाली, ती सरकारची म्हणून. ७ नोव्हेंबर १९८७ रोजी बेन अली यांनी हबीब बुर्गिबा यांना दूर सारून सत्ता हाती घेतली आणि पुढे राष्ट्रीय वाहिनीचे नावच ‘ट्युनिस ७’ असे ठेवले गेले. जनतेच्या पैशाने चालणारी वाहिनी राज्यकर्त्याच्या सत्तारोहणाची तारीख कपाळी मिरवीत होती! सरकारी मालकी म्हणजे सामाजिक मालकी नव्हे, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

यावर खाजगी मालकी हा उतारा आहे, असे सांगणारे पुष्कळ असतात. बेन अलींच्याच काळात, २००५ साली ‘हॅनिबल’ आणि २००७ साली ‘नेस्मा’ या खाजगी वाहिन्या निघाल्या. परंतु परवाना देणारे तेच, आणि मर्जी खप्पा झाली तर तो काढून घेणारेही तेच. सरकारी वाहिनीला लोकप्रिय कार्यक्रम पुरविणाऱ्या ‘कॅक्टस’ या कंपनीत अध्यक्षांचे मेहुणे बेल्हसन त्राबेल्सी यांचीच मोठी भागीदारी होती. लहान देशात जाहिरातींची बाजारपेठही लहान असते. अशा ठिकाणी वाहिनीचा धनी केवळ नफ्यासाठी पैसा गुंतवीत नाही. तो वजन विकत घेतो.

१४ जानेवारी २०११ रोजी बेन अली देश सोडून पळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसारणासाठी स्वतंत्र नियामक मंडळाची तरतूद झाली. पण मंडळाचे सदस्य नेमले गेले ते मे २०१३ मध्ये. दीड वर्षाच्या या पोकळीत वाहिन्यांनी आपले पाय रोवून घेतले. लंडनहून उपग्रह वाहिनी चालविणाऱ्या हाश्मी हमदी यांच्या गटाने ऑक्टोबर २०११ च्या निवडणुकीत २१७ पैकी २६ जागा मिळविल्या. ‘हॅनिबल’चे संस्थापक लार्बी नसरा २०१४ साली अध्यक्षपदासाठी उभे राहिले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘नेस्मा’चे नबील करुई यांचे. त्यांनी गरिबांना केलेल्या मदतीची दृश्ये त्यांच्याच पडद्यावर दिसत राहिली. दान, प्रसिद्धी आणि मतपेढी अशी ही साखळी! पक्षनेत्याने वाहिनीचा मालक असू नये, हा मंडळाचा नियम होता. ‘नेस्मा’ परवान्याविना चालत राहिली. एप्रिल २०१९ मध्ये तिची यंत्रसामग्री जप्त झाली, तरी ती पुन्हा सुरू झाली. अशा उमेदवारांना रोखणारी कायद्यातील दुरुस्ती संसदेने जून २०१९ मध्ये, म्हणजे निवडणूक तोंडावर आल्यावर, संमत केली. अध्यक्ष एसेब्सी यांनी तिच्यावर सही केली नाही. मग ऑगस्टमध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून करुईंना अटक झाली आणि तुरुंगात असतानाच पहिल्या फेरीत सुमारे साडेपंधरा टक्के मते मिळवून ते दुसरे आले. वेळेवर न वापरलेला नियम ऐनवेळी वापरला की तो सूडासारखा दिसतो आणि धनिकाला हुतात्म्याचे वलय देऊन जातो.

अंतिम फेरीत कैस सईद विजयी झाले. जुलै २०२१ मध्ये त्यांनी संसद स्थगित केली. ऑक्टोबरमध्ये परवाना नसल्याच्या कारणाने ‘नेस्मा’ व ‘झैतुना’ या वाहिन्या बंद करण्यात आल्या. सप्टेंबर २०२२ च्या ५४ व्या अध्यादेशाने ‘खोटी बातमी’ पसरविण्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा ठरविली. २०१४ च्या राज्यघटनेत प्रसारणासाठी स्वतंत्र मंडळाचे कलम होते. २०२२ च्या घटनेतून ते गळाले. धनिकाची मक्तेदारी मोडण्याच्या नावाने सत्ताधीशाची मक्तेदारी परत आली.

यातून आपण काय घ्यावे? सरकारी, खाजगी आणि सार्वजनिक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक वाहिनीचा निधी मंत्र्याच्या लहरीवर अवलंबून असता कामा नये आणि तिच्या कारभारात प्रेक्षक व कर्मचारी यांना स्थान हवे. खाजगी वाहिनीच्या भागभांडवलाची नोंद जनतेला खुली असावी, पक्ष आणि वाहिनी यांची मालकी एका हाती असू नये, आणि हे नियम परवाना देण्यापूर्वी ठरलेले असावेत.

आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तो निवाडा खरा करावयाचा तर कोणत्या वाहिनीत कोणाचे भांडवल आहे, हा प्रश्न आपण प्रत्येक सभेत विचारला पाहिजे. ट्युनिशियाच्या जनतेने रक्त सांडून मोकळा केलेला पडदा दहा वर्षांत पुन्हा एका हाती गेला. आपण तरी तो जागेपणी सांभाळू या.