कानामागची वीज आणि तिचा जमाखर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय व्यवस्थापकांनी व्यक्त केलेले मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. विद्युतमंडलांविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि काही उपकरणांचा हिशेब मांडताना त्यांचे विज्ञानही समजून घ्यावे लागते. कॉक्लिअर इम्प्लांट हे त्यांपैकी एक.

जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकाच्या कानामागे, त्वचेखाली बसविल्या जाणाऱ्या या उपकरणात सर्वसाधारणपणे बॅटरी नसते. बाहेरच्या यंत्राची तारेची वेटोळी आणि त्वचेखालची वेटोळी लोहचुंबकामुळे समोरासमोर राहतात. बाहेरच्या वेटोळीतून वेगाने दिशा पालटणारा प्रवाह वाहिला की मधल्या त्वचेला छिद्र न पाडता आतल्या वेटोळीत वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखविलेले प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. ध्वनीचा संदेशही याच मार्गाने आत पोहोचतो. पॅरिसमध्ये १९५७ साली जुर्नो व एरिएस यांनी याच तत्त्वावर पहिला प्रयोग केला. पुढे मेलबर्न येथे डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १ ऑगस्ट १९७८ रोजी आपले पहिले बहुवाहिनी इम्प्लांट बसविले.

बाहेरून दिलेल्या विजेपैकी काही वाटेतच वाया जाते. म्हणून आतील मंडल जितके मितव्ययी, तितका बाहेरचा सेल लहान, त्याचे आयुष्य अधिक आणि भोवतालच्या ऊती तापण्याचा धोका कमी. अभियंत्याने वाचविलेला प्रत्येक मिलिवॅट अखेर पालकांच्या मासिक जमाखर्चात जमा होतो.

केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेत २०१४ साली पात्र बालकाच्या इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. वांद्रे येथील, १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था या कामी समन्वय साधते. हा झाला भांडवली खर्च. सेल, वायरी, वाचा-उपचार आणि त्यासाठीचा वसई-विरार ते वांद्रे प्रवास हा महसुली खर्च मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. बाहेरचा सेल संपला की आतील मौल्यवान उपकरण तत्क्षणी मुके होते; आत शिल्लक अशी काही नसतेच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले आणि अनेक भागांत वीज खंडित राहिली. अशा वेळी पुनर्भारित होणाऱ्या सेलवर विसंबलेल्या बालकाचे जग निःशब्द होते.

आजवर आम्ही या साहाय्याची नोंद किरकोळ खर्चात करीत आलो, ही आमची चूक प्रांजळपणे मान्य करतो. इमारतीवर देणगीदाराची नामपट्टिका लागते, सेलवर लागत नाही. म्हणूनच यासाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत. या निधीतून सुट्या सेलचा राखीव साठा पावसाळ्यापूर्वीच गरजू कुटुंबांच्या हाती पोहोचावा, इतकीच नम्र विनंती.