यंत्रास नीती शिकविता येईल काय?



दोहाच्या पश्चिमेस अल शहानिया येथील उंटांच्या शर्यती आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसह पाहिल्या असतील. उंटाच्या पाठीवर यंत्रस्वार असतो. मालक शेजारून मोटार पळवीत रिमोटने त्याचा चाबूक हलवितो. पूर्वी त्या पाठीवर लहान मुले असत, सुदान, पाकिस्तान, बांगलादेश येथून आणलेली. वजन वाढू नये म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवीत. २००५ साली कतारने बालस्वारांवर बंदी घातली आणि स्विस अभियंत्यांनी घडविलेले यंत्र आले.

मूल उतरविले ते कायद्याने. यंत्राने रिकामी जागा भरली, इतकेच. आताची निर्णय घेणारी यंत्रे माणसाच्या मागील निर्णयांवरून शिकतात. २००४ पर्यंतच्या शर्यतींची नोंद त्यांच्यापुढे ठेवली, तर स्वार म्हणून ती कोणास निवडतील? हलक्यात हलक्या मुलासच!

महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले होते, पण कागदावर. तळ्यावर कोण पाणी भरतो एवढेच पाहून शिकलेल्या यंत्राने १९ मार्च १९२७ रोजी आम्हांस परतच पाठविले असते. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी ओंजळ भरली.

ठरावही यंत्रास शिकविता येईल, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ठराव आणि वहिवाट यांत विरोध आला, तर कोणाचे ऐकावे हे त्यास कोण सांगणार? आमची काही मुले आज हेच संगणकाचे काम शिकत आहेत. त्यांना आम्ही अल शहानियाला नेतो, आणि सुटीत गावी गेलो की महाडलाही.